मुराळी आला, जिजी

जिजी, तुला माती दिली त्या दिवशी मी चर्चमध्ये हसले. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगून टाकते. आणि एकटी नाही हसले, बायकांची सगळी बाजू हसली.

झालं काय, की धुळ्याहून तिथल्या चर्चच्या मंडळीचे एक वडीलधारे आले होते. तुझ्यासमोर घटकाभरही न बसलेला माणूस. उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमची ही भगिनी अत्यंत मृदुभाषी होती. तिच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही." पहिल्यांदा माझ्या मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मग बाक हलायला लागला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच. पाळक म्हणून व्यासपीठावर बसलेल्या आमच्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, आणि मग स्वतःच खोकल्याचं सोंग करून रुमाल शोधायला लागले. मला एकच धाक होता, की तू पेटीतून उठून त्या बिचाऱ्याला तुझ्या खास शब्दांत ऐकवशील. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मेल्यावरही गेली असेल असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मंडळीतली चार माणसं तुझी पिशवी घेऊन आमच्याकडे आली. तीच ती खाकी पिशवी, आणि तिच्यात शास्त्रातल्या गोष्टींच्या चित्रांची ती गुंडाळी, कडा कुरतडलेली. म्हणाले, पाळकीणबाई, आता जिजीच्या गावांना कोण जाणार? तापीकाठच्या, म्हसावदकडच्या, पार तळोद्यापर्यंतच्या बायका वाट बघतील. तुम्हीच जा. मी साफ नाही म्हटलं. आजारपणात तूही मला हेच विचारलं होतंस आणि तेव्हाही मी तुझी उशी नीट करायच्या निमित्तानं विषय टाळला होता. अगं, नगरकडची मी, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. माझं मराठी असं, की बायका समोर बसल्या की आपोआप हाताची घडी घालतात. तुझी अहिराणी मला कळते सगळी, पण बोलायला गेले की लहान पोरंसुद्धा हसतात. तुझ्या जागी मी म्हणजे पुरणपोळी मागितली आणि पाव वाढला. पिशवी मी खुंटीला अडकवली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला लागले.

पाठ केली तरी तू दिसायचीसच. आणि दिसायचीस ती तशीच, मी पहिल्यांदा पाहिलेली.

मी लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा आपला जिल्हा पश्चिम खानदेश म्हणवत होता. स्टेशनाकडून येताना टांगा मिरची वाळत घालायच्या पथारीवरून आला. जिकडे बघावं तिकडे लाल जमीन, आणि मला शिंकांवर शिंका. पथारीवर बायकांची रांग बसलेली, देठं खुडत होती, आणि रांगेच्या तोंडाशी तू. एक गाडीवान बैल मिरचीत घालत होता. त्याला तू ज्या शिव्या दिल्यास त्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. एकही शब्द दुसऱ्यांदा नाही. गाडीवानानं बैल मागे घेतले, तुझी माफी मागितली, आणि मला वाटतं बैलांनीही मागितली असावी. मी आमच्यांना विचारलं, "ही कोण?" ते शांतपणे म्हणाले, "ही आपल्या मंडळीत येते. येत्या महिन्यात बाप्तिस्मा आहे तिचा."

त्या बाप्तिस्म्याला मी काठावर तुझं कोरडं लुगडं धरून उभी होते. थंडीचे दिवस, नदीचा डोह गार. आमच्यांनी तुला पाण्यात बुडवलं, वर काढलं, आणि नाकातोंडात पाणी गेलेली तू, पहिला श्वास घेतलास तो शिवी घालूनच. पाण्याला घातलीस, की थंडीला, की आमच्यांना, ते अजून ठरलेलं नाही. काठावरची मंडळी स्तोत्र सुरू करायचं विसरली. आमचे हे कमरेभर पाण्यात तसेच उभे, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "आमेन."

सगळे हसले आणि विसरले. तू मात्र विसरली नाहीस. कोरडं लुगडं गुंडाळताना माझ्या कानाशी म्हणालीस, "पाणीखाल जाईसन बी हाई तोंड धुवायनं नही, बाई." हसत नव्हतीस तेव्हा. पुढं कितीतरी वर्षं तू ते एक वाक्य पदराला गाठ मारून फिरलीस.

मग ती हाकेची गोष्ट. त्या काळात तू सकाळी पथारीवर जायच्या आधी माझ्या ओट्यावर चहाला यायचीस. एक दिवस चहा न घेताच बसलीस. म्हणालीस, "बाई, माले कोनीतरी बलाई ऱ्हायनं." मी विचारलं, कोण? तर तुलाच माहीत नव्हतं. खुडायला बसलं की कुणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारायचं. तू मुकादमाला विचारलंस, रांगेतल्या बायकांना विचारलंस, शेवटी वैतागून शेटजींना विचारलंस. कुणीच हाक मारली नव्हती. मिरचीनं डोकं भणभणतंय म्हणून तू दुसऱ्या पथारीवर कामाला गेलीस. हाक तिथंही आली.

नेमकी त्याच सुमाराला आमची जुनी बायबलबाई थकून मुलाकडे राहायला गेली होती, आणि खेड्यांतल्या बायकांकडे जाऊन त्यांच्या भाषेत चार गोष्टी सांगणारी कुणी नव्हती. आमच्यांनी तुला विचारलं. मी तर आनंदानं टाळी वाजवली, की बघ, ही हाक कुणाची ते कळलं. तू उठलीसच. "त्याले दुसरं कोनी भेटनं नही का? देव पत्ता चुकना व्हई." आणि दारातून मागे वळून म्हणालीस, "आसं तोंड लिसन मी त्यान्हं नाव कसं लेऊ?"

आता मी काही कमी हट्टी नाही. मी म्हटलं, तोंडच अडचण आहे ना, मग तोंड सुधारू. रोज सकाळी चहाबरोबर मी तुला शिकवायला लागले. राग आला की शिवीच्या जागी काहीतरी निर्मळ म्हणायचं. भाज्यांची नावं दिली, दोडका, भोपळा. दोन दिवस टिकलीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, भोपळा म्हटलं की भूक लागते, राग जात नाही. मग मला बाई सुचलं, की शास्त्रातल्या दुष्ट राजांची नावं घ्यावीत, तेवढाच अभ्यास होईल. हे मात्र तुझ्या जिभेला असं चिकटलं की बास. पथारीवर बैल अडला की "चाल रे फारो". मुकादमानं माप कमी धरलं की "हेरोदना आंडोर", म्हणजे हेरोदाचं पोरगं. महिन्याभरात अख्ख्या पथारीवर फारो म्हणजे शिवी झाली, हिंदू काय, मुसलमान काय, सगळे द्यायला लागले. आणि एका रविवारी आमच्यांनी मिसर देशाचा अध्याय काढून "मग फारो म्हणाला" एवढं वाचलं, तर मागच्या बाकावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तू म्हणालीस, "देखं? चांगला शबूद मन्हा तोंडमा गया, तो बी घाण व्हयना." मी हसून लोळले. तू नाही हसलीस, आणि दोन आठवडे चहाला आली नाहीस.

तुझं खरं दुखणं कुठं होतं हे मला आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला कळलं.

आपण ख्रिस्ती, सण पाळत नव्हतो. पण आखाजीचा रस आणि पोळी कुणी सोडली होती? आणि सण नसला तरी ते दिवस लेकीचे. गावागावातून भाऊ निघायचे, बहिणींना माहेरी न्यायला. आमच्याकडे त्याला मुराळी म्हणत, तुम्ही मुरायी म्हणायचात. सगळ्या गल्लीतल्या लेकी गाड्यांत बसून जायच्या, झोके खेळायला. बाप्तिस्म्यानंतर तुझा भाऊ भिका तुला न्यायला आला नव्हता. गावानं सांगितलं होतं, ती आता आपली नाही. तरी दर आखाजीला तू सकाळपासून ओट्यावर सूप घेऊन बसायचीस, निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत, तोंड रस्त्याकडे. मी एकदा विचारलं तर मला असा फारो हासडलास की पुन्हा विचारलं नाही. ज्या मायनं जन्म दिला तिनंच बोलावणं बंद केलं, तर तो वरचा कशाला बोलावेल, असं तुझ्या मनानं घेतलं होतं. हे तू बोलली नाहीस कधी. पण मी ओळखलं, मलाही माहेरचं कुणी येत नव्हतं. नगर किती लांब, आणि वडील गेल्यावर तिथं राहिलं तरी कोण.

आणि त्या वर्षी तो आला. दुपार होती, तू पथारीवरून नुकतीच आलेली, लुगडं देठांच्या चुऱ्यानं लाल, हात कोपरापर्यंत भगभगत होते आणि तू ते ताकाच्या भांड्यात बुडवून बसली होतीस. मी समोरच होते. भिकाभाऊनं गाडी उभी केली, खाली उतरला नाही, तुझ्याकडे बघितलंही नाही. बैलाच्या शिंगांकडे बघत म्हणाला, "माय बलावस. चाल."

तू उठलीस. ताकाचे हात तसेच. मी ओरडले, "अगं, लुगडं तरी बदल, हात तरी धू." तोवर तू गाडीत. आणि तिथून मला म्हणालीस, "मुरायी वना वं बाई. मायनं बलावणं वनं तं लेक लुगडं देखस का?"

गाडी हलली, चिंचेपर्यंत गेली आणि थांबली. तू उतरलीस. मला वाटलं काही विसरलीस. चालत माझ्यापर्यंत आलीस, ताकाचे पांढरे हात पुढं धरून, आणि उभी राहिलीस. भिकाभाऊ मागून ओरडतोय, चालस का नही म्हणून. तुझे डोळे भरलेले, आणि चेहरा मात्र असा, की मी तसा तुझा कधी पाहिला नव्हता. म्हणालीस, "बाई, तो वरना बी तं मुरायीच धाडी ऱ्हायंता ना? नि मी लुगडं देखत बठनू."

मी पाळकाची बायको, रोज शास्त्र वाचणारी, आणि हे मला सांगितलंस तू. मी रडले, तू हसलीस, मग मी हसले आणि तू रडलीस. भिकाभाऊला वाटलं असणार, या दोघींना ऊन लागलं.

माहेरी काय झालं ते मला पुढं भिकाभाऊनंच सांगितलं. मायनं तुला जवळ घेतलं, लाल लुगड्यासकट. संध्याकाळी निंबाखाली झोक्यावर बायकांनी विचारलं, काय गं तुझा तो नवा देव? आणि तू झोका घेता घेता हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितलीस. तीही तुझ्या पद्धतीनं. मेंढराची शेळी केलीस. तो धनी काट्याकुट्यातून तिला शोधत शिव्या देत फिरतोय, "कोठे मरनी ही फारोनी", आणि सापडल्यावर शिव्या देत देतच तिला खांद्यावर घेतोय. बायका हसून हसून झोक्यावरून पडायच्या राहिल्या. आणि मग तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली, भिकाभाऊ म्हणाला. गाडीतून परत आलीस ती थेट आमच्या दारात. आमच्यांना म्हणालीस, "मी जासू."

त्या शेळीवरून आपलं जे भांडण जुंपलं ते दहा-बारा वर्षं चाललं, आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. मी म्हणायचे, शास्त्रात मेंढरू आहे, शेळी नाही. तू म्हणायचीस, "आमना गावमा शेळ्या शेत." मी म्हणायचे, शास्त्रातला धनी आनंदानं उचलतो, शिव्या देत नाही. तर तुझं म्हणणं, रानभर हिंडून पाय फाटलेला माणूस, शेळी सापडल्यावर शिवीच देईल. देतो आणि तरी खांद्यावर घेतो, म्हणून तर बायकांना कळतं की त्याचा जीव आहे. मी म्हणायचे, बरं, तुला बोलावलं तेव्हा तू जशी होतीस तशी होतीस, पण आता इतकी वर्षं गावं पालथी घातलीस, आता तरी लायक झालीस म्हण. यावर तू खरंच रागवायचीस. "मी लायक व्हई गऊ तं मंग त्यान्ही काय गरज ऱ्हायनी?" मला हे कधी पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. माझ्या मते तू लायक होतीस. हे तुझ्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती, आता म्हणते. दे काय शिव्या द्यायच्या त्या.

एक गोष्ट मात्र बोलायची राहिली, आणि ती रागाची नाही. तुझा मुराळी आला त्याच्या पुढच्या आखाजीला तू सकाळीच माझ्या दारात उभी राहिलीस, डोक्यावर पदर, हातात आंब्यांची टोपली. म्हणालीस, "चाल. मी तुन्हा मुरायी." बाईमाणूस कधी मुराळी झालंय का? पण तू झालीस, आणि त्यानंतर दर वर्षी होत राहिलीस. एक दिवस का होईना, तुझ्या घरी मी लेकीसारखी बसून खायचे, उष्टं ताटही तू उचलू द्यायची नाहीस. आणि दर वर्षी मी म्हणायचे, थांब, लुगडं बदलून येते. तू ओट्यावर बसून गल्लीला ऐकवायचीस, की पाळकिणीचं लुगडं बदलून होईपर्यंत बैल म्हातारे होतील. मी त्याबद्दल तुला कधी साधं बरं वाटलं असंही म्हटलं नाही. बरं वाटायचं गं. वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची मी.

म्हणून या आखाजीला मी मुद्दाम कामं काढली. कुणी येणार नाही हे माहीत असलेला दिवस रिकामा कशाला ठेवा. पाटीभर आंबे घेऊन बसले, रस काढायला. कोपरापर्यंत हात रसात, कपाळावर माशी, पदर खोचलेला, लुगडं जुनेरं. खुंटीवरच्या पिशवीकडे पाठ. आणि बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

भिकाभाऊ. म्हातारा झालाय, जिजी. तुझ्या जाण्यानं एकदम झालाय. गाडीतून उतरला नाही, बैलाच्या शिंगांकडे बघत म्हणाला, "बायका निंबखाल बठेल शेत. चाल."

मी म्हटलं, भाऊ, मला नाही जमायचं ते. माझी भाषा बघा, माझं बोलणं बघा. तुमच्या बायका माझ्यापुढं शाळेतल्या पोरींसारख्या बसतील. जिजी कुठं आणि मी कुठं. मी पुष्कळ बोलले, तो शिंगांकडेच बघत राहिला. शेवटी माझंच बोलणं संपलं. आणि बोलणं संपल्यावर ऐकू यायला लागलं, मी काय काय म्हणत होते ते. तेच सगळं, जे एकदा तू माझ्या ओट्यावर बसून म्हणत होतीस.

मी म्हटलं, "बरं, थांबा. हात धुते, लुगडं बदलून येते."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, आणि मिशीत हसू. म्हणाला, "जिजी सांगी गयी माले. पाळकीन म्हनी, लुगडं बदलस. तू बदलू देऊ नको."

मी पिशवी कशी काढली खुंटीवरून ते आठवत नाही. बंदाला रस लागलाय, तो अजून निघाला नाही. गाडीत बसले. भिकाभाऊनं शेपटी पिळली आणि म्हणाला, "चाल रे फारो." सगळी वाट मी मनात एकच घोकत होते, मेंढरू सांगू की शेळी. तापीचं पात्र दिसायला लागलं तेव्हा ठरलं. शेळी. आणि तिला शिव्याही द्यायच्या, जमतील तशा.

निंबाखाली तुझ्या बायका बसल्या होत्या, झोका रिकामा ठेवून. मी उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जुनेराकडे, कपाळावर वाळलेल्या रसाकडे, आणि कुणीही हाताची घडी घातली नाही. आधी प्रार्थना करू म्हटलं. हात जोडले तर ते चिकटले एकमेकांना, सुटेनात. एक म्हातारी खुदकन हसली, मग सगळ्या हसल्या, आणि मीही, जिजी, हात तसेच जोडलेले.